वेशीपाशी

झॉम्बींच्या प्रत्येक मालिकेत कुठेतरी एक फाटक असते. ‘द वॉकिंग डेड’ या अमेरिकन मालिकेत ते आधी एका ओसाड तुरुंगाचे असते, पुढे अलेक्झांड्रिया नावाच्या वसाहतीचे. ‘द लास्ट ऑफ अस’मध्ये ते जॅक्सन या बर्फाळ डोंगरांतल्या गावाचे असते, तर ‘किंगडम’ या कोरियन मालिकेत जुन्या तटबंदीच्या नगराचे. फाटकाबाहेर मेलेली माणसे फिरत असतात. त्यांना ना ओळख, ना बोली; उरलेली असते ती भूक. त्यांची भीती प्रेक्षकाला चार भागांत सरावाची होते. श्वास अडकतो तो दुसऱ्याच क्षणी. दमलेले, चिखलाने माखलेले एखादे जिवंत कुटुंब फाटकाशी येऊन उभे राहते आणि आतली माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. आत घ्यायचे की नाही? ‘द वॉकिंग डेड’ 31 ऑक्टोबर 2010 रोजी सुरू झाली आणि 177 भागांनंतर 20 नोव्हेंबर 2022 रोजी संपली. या बारा वर्षांत तिने हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला.

मराठी मुलखात अशा फाटकाला वेस म्हणतात, आणि तिथे हा प्रश्न फार जुना आहे. सातारा आणि सांगली या कृष्णाकाठच्या दोन जिल्ह्यांत तर तो एका आयुष्यात अनेकदा विचारला गेला. 1949 साली साताऱ्यातून ‘दक्षिण सातारा’ वेगळा झाला आणि 1960 साली त्याला ‘सांगली’ हे नाव मिळाले. त्या वर्षी या भागातल्या एखाद्या गावात जन्मलेल्या माणसाच्या वाट्याला भूकंप आला, दुष्काळ आला, महापूर आले आणि साथही आली. मालिका जे प्रसंग कल्पनेने उभे करतात, त्यांतले बरेचसे त्याने झॉम्बी हा शब्द कानी पडण्याआधीच पाहिले किंवा घरात ऐकले होते. त्या माणसाच्या आयुष्यातली वेस पाहत गेले, की या मालिकांतली नातीगोती आणि समाज यांचा अर्थ जवळून उलगडतो.

गावाच्या जमिनीचे दोन भाग धरत : वस्तीची ती पांढरी आणि पिकाची ती काळी. पांढरीभोवती गावकूस आणि गावकुसात वेस. दगडी कमान, लाकडी दारे, आतल्या बाजूला पहारेकऱ्याची ओवरी आणि शेजारी शेंदूर माखलेला मारुती. 1960 साली दारे बहुतेक ठिकाणी मोडून गेली होती, पण वेशीचा मान शाबूत होता. बेंदराला वेशीत आडवे तोरण बांधत आणि सजवलेल्या बैलाकडून ‘कर’ तोडून घेत. लग्नात नवरदेवाचे वऱ्हाड शिवेपाशी थांबे, सीमांतपूजन होई आणि मगच पाहुणे गावात येत. शेवटच्या प्रवासात तिरडी वेशीबाहेरच्या विसाव्याला टेकवून खांदा बदलला जाई. येणारा, जाणारा आणि कायमचा जाणारा, अशा सगळ्यांनाच वेशीपाशी घटकाभर थांबावे लागे. तिथे थांबणे ही माणसाची ओळख पटवण्याची रीत होती.

या पिढीच्या आज्या प्लेगच्या गोष्टी सांगत. मुंबईत 1896 च्या सप्टेंबरात सुरू झालेली ही साथ पुण्यामार्गे दक्षिणेकडे उतरली आणि पुढची कितीतरी वर्षे येत-जात राहिली. काखेत किंवा जांघेत गाठ यायची, ताप चढायचा आणि चार दिवसांत माणूस जायचे. घरात उंदीर पडू लागले, की गाव उठायचे. ‘गाव उठले’ या दोन शब्दांत सगळे येत असे : दाराला कुलूप, बैलगाडीत भांडीकुंडी, आणि माळावर कुडाच्या भिंतींची, पाचटाने शाकारलेली झोपडी. वेस तीच राहायची, पण तिचा अर्थ उलटा व्हायचा. आत मरण आणि बाहेर जगण्याची आशा. ज्या घरात पिढ्या वाढल्या तेच घर वैरी झाले, ही या गोष्टींतली खरी भीती होती. झॉम्बींच्या मालिकांतही भीतीचे मूळ तिथेच असते. आपलेच घर, आपलीच गल्ली, आपलीच आई; रूप ओळखीचे, पण जवळ जाता येत नाही.

पटकीच्या साथीत गावे आणखी एक गोष्ट करत. मरीआईचा गाडा सजवला जाई, त्यावर नैवेद्य ठेवला जाई आणि वाजतगाजत तो शिवेपलीकडे नेऊन सोडला जाई. पुढच्या गावाला जाग आली, की ते गाव तोच गाडा आपल्या शिवेबाहेर ढकले. रोग जंतूंनी होतो हे ठाऊक नसलेल्या माणसांची ती धडपड होती, तिला हसण्यासारखे काही नाही. पण तिच्यात माणसाच्या स्वभावातली एक खोल खोड दिसते. संकट संपवता आले नाही, तर ते शेजाऱ्याच्या हद्दीत लोटून मोकळे व्हायचे. मालिकांतल्या वसाहतीही हेच करतात. मेलेल्यांचा लोंढा आपल्या तटापासून वळवायचा, आणि तो पुढे कुणावर जाऊन आदळेल याची चर्चा तटाच्या आत होत नाही.

गाडा ढकलणाऱ्यांच्या काळात उलट दिशेने चालणारेही होते. सावित्रीबाई फुले यांचे माहेर नायगाव. ते सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यात आहे. 1897 च्या प्लेगात पुण्याजवळ मुंढव्याच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीतला गायकवाड कुटुंबातला आजारी मुलगा त्यांनी पाठीवर घेतला आणि डॉक्टर असलेल्या आपल्या दत्तक मुलाच्या, यशवंताच्या, दवाखान्यात पोहोचवला. त्यांनाही लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या.   मिरजेत डॉक्टर विल्यम वानलेस यांनी 1894 पासून मिशनचे रुग्णालय उभे केले होते आणि दूरदूरच्या खेड्यांतले रोगी बैलगाड्यांतून तिथे पोहोचत. वेस ओलांडून आजाऱ्याकडे जाणाऱ्यांची परंपराही याच मातीतली आहे, आणि ती पळणाऱ्यांच्या परंपरेइतकीच जुनी आहे.

आजारी कुणाला म्हणायचे आणि मेलेला कुणाला, हा ‘द वॉकिंग डेड’च्या दुसऱ्या पर्वाचा गाभा आहे. हर्शेल नावाचा वयस्क शेतकरी आपल्या कोठारात बदललेल्या माणसांना कोंडून ठेवतो, त्यांना खाऊ घालतो. त्यांत त्याची पत्नी असते, सावत्र मुलगा असतो. त्याच्या लेखी ते आजारी आहेत आणि एक दिवस बरे होतील. बाहेरून आलेल्या गटाच्या लेखी ते केव्हाच मेलेले आहेत. कोठाराचे दार उघडून सगळ्यांना गोळ्या घातल्या जातात आणि शेवटी आतून एक लहान मुलगी बाहेर येते. सगळे जिला कित्येक दिवस रानोमाळ शोधत होते, तीच ही. त्या क्षणी दोन्ही बाजू गप्प होतात. हर्शेल वैद्यकाच्या दृष्टीने चुकीचा ठरतो. पण त्याने त्यांची नावे सोडलेली नव्हती, आणि म्हणून प्रेक्षकाच्या मनात तोच रेंगाळतो. ज्याचे नाव काढून घेतले, त्याला मारणे सोपे होते. मालिकेत मेलेल्यांना ‘वॉकर’ म्हणतात. प्लेगच्या काळात घराला ‘गाठीचे घर’ म्हणत. 2020 साली माणसाला ‘पॉझिटिव्ह’ म्हणू लागले. शब्द बदलले, पण शब्दामागून नाव पुसले जाण्याची क्रिया तीच राहिली.

वेशीच्या गोष्टीतला सर्वांत कठीण भाग तिच्या पहारेकऱ्याचा आहे. वेसकर हे महारकीचे काम. रात्री वेस लावायची, पहाटे उघडायची, आल्यागेल्यावर नजर ठेवायची, गावाची वर्दी द्यायची आणि त्याबदल्यात घरोघर भाकरी मागायची. ज्याच्या भरवशावर गाव झोपे, त्याचे घर मात्र गावकुसाबाहेर असे. लांडगा आला, दरोडा आला, पूर आला तरी आधी त्याच्या दारात. 1958 च्या कायद्याने ही वतने रद्द झाली. 1960 साली जन्मलेल्या मुलाने काठी घेतलेला वेसकर क्वचितच पाहिला असेल, पण गावाबाहेरच्या वस्त्या त्याने रोज पाहिल्या. तिथला मित्र शाळेत त्याच्या शेजारी बसे आणि पाण्याच्या वेळी मागे राही.

वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात 1 ऑगस्ट 1920 रोजी जन्मलेले अण्णा भाऊ साठे यांनी हा मुलूख बाहेरच्या वस्तीतून पाहिला. त्यांच्या ‘फकिरा’ या कादंबरीचा आरंभच शिवेच्या प्रसंगाने होतो. गावाच्या भल्यासाठी जत्रेचा मान देणारी जोगणी आणायला गेलेला राणोजी शिवेपाशी मारला जातो. पुढे त्याचा मुलगा फकिरा दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो. गावकुसाबाहेरची माणसे गावासाठी जीव देतात, आणि गाव त्यांना आत घेत नाही. झॉम्बी ही कल्पनाही मुळात अशाच माणसांनी जन्माला घातली. हैतीत उसाच्या मळ्यांत राबवलेल्या आफ्रिकी गुलामांना मरणाचे भय नव्हते. मेल्यावरही मालक आपल्याला उठवून राबवेल, याचे भय होते. 1968 साली जॉर्ज रोमेरो यांच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या चित्रपटाने त्या राबणाऱ्या प्रेताला माणूस खाणारी झुंड केले. उसाच्या पट्ट्यातल्या वाचकाला हे मूळ माहीत असायला हवे. आज पडद्यावर जी झुंड शत्रू म्हणून दिसते, ती एके काळी राबून मेलेल्यांची वेदना होती.

‘द वॉकिंग डेड’मध्ये एक गुपित उशिरा उघड होते. रोग फक्त चाव्याने येत नाही. तो आधीच सगळ्यांच्या अंगात आहे. जो मरेल, मग तो कशानेही मरो, तो उठेल. म्हणजे तटाच्या आतले शुद्ध आणि बाहेरचे अशुद्ध, ही समजूतच कोसळते. शिवाशिवीवर उभ्या असलेल्या समाजाने हा धडा दूरवरच्या मालिकेतून घ्यावा असे नाही. तो इथल्या विचारवंतांनी शंभर वर्षांपूर्वीच सांगितला होता. पण मालिका तो अंगावर काटा आणून सांगते. 2022 साली आलेल्या ‘झोंबिवली’ या आदित्य सरपोतदार यांच्या मराठी चित्रपटानेही डोंबिवलीतले उंच टॉवर आणि शेजारची झोपडपट्टी यांच्यामधली भिंतच कथेच्या मध्यभागी आणली.

1960 च्या त्या मुलाला संकटाची पहिली ओळख झाली तेव्हा तो सात वर्षांचा होता. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे, चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. पाटण, कराड, साताऱ्यापर्यंत लोक अंथरुणातून उघड्यावर आले आणि कित्येक रात्री भिंतीपासून दूर, मोकळ्या रानात झोपले. थंडीच्या दिवसांत शेकोटीभोवती बसलेल्या माणसांत कुणाच्या घराला किती खण आहेत, हा हिशेब उरला नव्हता. घरे पुन्हा उभी राहिली आणि हिशेबही परत आला. आपत्ती भिंती पाडते. पडलेल्या भिंती कुठे बांधायच्या हे माणसे ठरवतात.

बाराव्या वर्षी 1972 चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, गुरे कवडीमोलाने गेली, रेशनवर तांबडी मिलो ज्वारी आली आणि मुलांच्या हातावर सुकडी. भूक माणसाला कुठवर नेते, हे ‘किंगडम’ने फार धीटपणे दाखवले आहे. युद्धाने पोळलेल्या कोरियातल्या एका दवाखान्यात उपाशी रोग्यांना अजाणता माणसाचे मांस खाऊ घातले जाते आणि तिथून रोग वणव्यासारखा पसरतो. गावातली बडी माणसे असलेल्या एकुलत्या एका जहाजात बसून निघून जातात. गरीब किनाऱ्यावर राहतात. उच्चकुलीन प्रेतांची विटंबना नको म्हणून ती जाळू दिली जात नाहीत, आणि रात्री तीच उठतात. मेल्यानंतरही दर्जा सुटत नाही, आणि तो दर्जाच सगळ्यांचा घात करतो.

सातारा-सांगलीत 1972 साली भुकेचे उत्तर वेगळे निघाले. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम आणि कामाचे दाम, ही कल्पना त्यांनी मांडली आणि 1965 साली तासगाव तालुक्यात तिचा पहिला प्रयोग झाला. दुष्काळात ती राज्यभर पसरली, 1977 साली तिचा कायदा झाला. खडी फोडणे, नालाबांध, पाझर तलाव, रस्ते, अशा कामांवर बायका-पुरुष, वतनदाराच्या घरची सून आणि गावाबाहेरच्या वस्तीतली बाई एकाच रांगेत बसून दगड फोडू लागले. हातांना सारखेच घट्टे पडले. जिवंत माणसाची भूक ही सगळ्यांची जबाबदारी आहे, असे कायद्यात लिहिले गेले. मालिकांच्या जगात अन्न नेहमी बंदुकीच्या धाकाने वाटले जाते. इथे ते हजेरीपटावर वाटले गेले, आणि कामाचे मोजमाप कितीही जाचक असले तरी माणसाने मान खाली घालून हात पसरला नाही.

सरकार नाहीसे झाल्यावर कायदा कोण चालवतो, हा या मालिकांचा दुसरा मोठा प्रश्न. ‘द वॉकिंग डेड’मध्ये त्याची उत्तरे एकामागून एक येतात. ‘गव्हर्नर’ नावाचा माणूस सुरक्षेच्या बदल्यात लोकांची सद्सद्विवेकबुद्धी गहाण ठेवून घेतो. नीगन तारेने गुंडाळलेली बॅट खांद्यावर टाकून वसाहतींत येतो आणि निम्मे धान्य, निम्मी सामग्री उचलून नेतो. नायक रिक ग्राइम्सही एका रात्री सांगून टाकतो, की आता मतदान चालणार नाही. पुढे कित्येक वर्षे खर्ची घालून या लोकांना पुन्हा पंचायत, करार आणि न्यायनिवाडा शिकावा लागतो.

कृष्णाकाठाने हा प्रयोग कल्पनेत नव्हे, प्रत्यक्षात केला होता. 1942 च्या चळवळीनंतर, 1943 पासून 1946 पर्यंत सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चालले. येडेमच्छिंद्र, कुंडल, देवराष्ट्रे, वाळवा या पट्ट्यात इंग्रजांचा अंमल कागदावर उरला. प्रतिसरकारच्या तुफान सेनेने 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ सरकारी पगार नेणारी रेल्वे लुटली. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारखे तरुण भूमिगत होते. न्यायदान मंडळे गावातले तंटे सोडवत, दारूबंदी होई, सावकारी जाच आणि दरोडेखोरी मोडली जाई, थोडक्या खर्चात सामुदायिक लग्ने लागत. शिक्षा कठोर होत्या. तळपायांवर मारल्या जाणाऱ्या ‘पत्री’ने लोक हादरत, आणि बंदुकीच्या जोरावर दिलेला न्याय नेहमीच धारेवर असतो, हे विसरता येत नाही. तरीही एक फरक ठळक आहे. नीगनच्या माणसांना लोक धान्य देत ते मार टाळण्यासाठी. भूमिगतांना आयाबाया भाकरी बांधून देत ती स्वतः जोखीम पत्करून. एखादी सत्ता लोकांची आहे की लोकांवर आहे, हे त्या भाकरीवरून ओळखू येई.

1960 ची पिढी ही गोष्ट शाळेत आणि पारावर ऐकत वाढली. त्यांतले पुष्कळ जण रयत शिक्षण संस्थेच्या शाळांत शिकले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळ काले इथे ही संस्था स्थापन केली आणि 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी मुले तिथे एकाच चुलीवरचे जेवत, स्वतः पाणी भरत, भांडी घासत. पोरांच्या जेवणासाठी पैसे संपले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. शेवटी मंगळसूत्रही गेले. त्या आईने गावकुसाच्या आतल्या आणि बाहेरच्या मुलांना एका पंगतीत बसवले. मालिकांत रक्ताच्या नात्यांची राखरांगोळी झाल्यावर जी नवी कुटुंबे उभी राहतात, त्यांची घडण अशीच असते. रिक दुसऱ्याच्या रक्ताची ज्युडिथ आपली लेक म्हणून वाढवतो. ‘द लास्ट ऑफ अस’मध्ये मुलगी गमावलेला जोएल एली नावाच्या परक्या पोरीला देशभर सांभाळत नेतो आणि तिच्यात पुन्हा बाप होतो. मराठीत अशा नात्यांना ‘मानलेली’ म्हणतात. त्याहून जुना शब्द ‘धर्माची’. धर्माचा भाऊ, धर्माची बहीण. इथे धर्म म्हणजे स्वतःहून उचललेले कर्तव्य. बांधावरून सख्ख्या भावांची भाऊबंदकी पिढ्यान्पिढ्या चालते त्याच गावात धर्माच्या बहिणीची ओवाळणी न चुकता जाते.

पुढे त्या पिढीतली माणसे पांगली. खानापूर-आटपाडीकडची मुले सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर गेली. साताऱ्याकडची, विशेषतः जावळी आणि पाटणची, मुंबईत माथाडी झाली. वेस मागे पडली. वर्षातून जत्रेला आणि दिवाळीला ती दिसे. 1987 साली रामायण लागले तेव्हा ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या दारात गल्ली बसे, आणि त्या घटकेपुरते ते घर सगळ्यांचे होई. पंचवीस-तीस वर्षांनी त्याच घरातली नातवंडे कानात तार घालून एकेकटी ‘द वॉकिंग डेड’ पाहू लागली. आजोबांना पडद्यावर चालती प्रेते दिसत. नातवाला त्या माणसांतली दोस्ती दिसे. ज्या पोराला गावात पार उरला नव्हता, तो शेकोटीभोवती बसलेल्या त्या दहा-बारा जणांत आपला पार शोधत होता. या मालिकांची लोकप्रियता भीतीवर जेवढी उभी आहे, तेवढीच या ओढीवर उभी आहे : कुणीतरी आपल्यासाठी रात्री पहाऱ्याला जागावे.

ती जाग पुराने दिली. 2005 साली कृष्णा-वारणेने पात्र सोडले, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये त्याहून मोठे पाणी आले. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. पाणी 57 फुटांवर गेले. सूर्यवंशी प्लॉट, काकानगर, दत्तनगर या नदीलगतच्या वस्त्या नेहमीप्रमाणे आधी बुडाल्या आणि मग बाजारपेठ. पूर येतो तेव्हाही गावकुसाबाहेरचे आधी भिजतात, हे शहरातही खरे ठरले. 8 ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये माणसांना सुरक्षित ठिकाणी नेणारी नाव उलटली आणि बायका-मुलांसह गावकरी बुडाले. त्या आठवड्यात बेटासारख्या झालेल्या गावांत माणसे माड्यांवर बसून होती. गोठ्यातल्या म्हशीचे दावे सोडताना बायका हंबरडा फोडत होत्या. गुऱ्हाळाच्या काहिलीत बसवून म्हाताऱ्यांना बाहेर काढले गेले. याच जिल्ह्याच्या पूर्व भागात, जत आणि आटपाडीकडे, त्याच वर्षी टँकरची वाट पाहणारी गावे होती. त्या कोरड्या भागांतूनही भाकरीचे गठ्ठे, चटणी, जुने-नवे कपडे कृष्णाकाठी पोहोचले. दुष्काळी माणसाने पूरग्रस्ताला पाठवलेली ती भाकरी कोणत्याही मालिकेच्या लेखकाला सुचलेली नाही. त्यांच्या जगात ज्याच्याकडे कमी आहे तो लुटतो. इथे ज्याच्याकडे कमी होते त्यानेही वाटून दिले.

आणि पुढच्याच मार्चमध्ये कोरोनाच्या साथीने वेस बंद झाली. 1897 चाच साथरोग कायदा पुन्हा लागू झाला. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात एकाच कुटुंबातले चौघे बाधित आढळले, संख्या दोन डझनांवर गेली आणि सगळ्या महाराष्ट्राचे लक्ष त्या गावाकडे लागले. गल्ल्या सील झाल्या, घरोघर तपासणी झाली आणि महिनाभरात बहुतेक रुग्ण बरे होऊन घरी परतले. पण तोवर खेड्यांनी बाभळीच्या फांद्या, दगड, बैलगाडीची चाके रस्त्यात आडवी टाकली होती. पाटीवर खडूने लिहिले होते, की बाहेरच्यांना प्रवेश नाही. ‘बाहेरचे’ कोण? मुंबईहून चालत, टेम्पोत लपून आलेला माथाडी. केरळातून, दिल्लीहून निघालेला गलाई कारागीर. जत्रेच्या वर्गणीत पहिले नाव ज्याचे असे, तोच. चार महिन्यांपूर्वी त्याच्या गाडीला हार घालणारी माणसे काठ्या घेऊन उभी होती. त्यांनाही दोष देऊन सुटका होत नाही. घरात म्हातारी आई होती, तालुक्याला खाटा मोजक्या होत्या, आणि भीती खरी होती. मालिकेतल्या फाटकावरचा वाद शब्दशः मराठीत झाला. त्याला आत घेतले आणि चूक ठरली तर? नाही घेतले आणि तो रस्त्यात मेला तर?

बहुतेक गावांनी शेवटी मधली वाट काढली, आणि ती शहाणपणाची होती. वेशीजवळची जिल्हा परिषदेची शाळा उघडली गेली. आलेल्याने चौदा दिवस तिथे राहायचे, घरून डबा येईल, आईने मैदानाच्या कडेला उभे राहून बोलायचे. प्लेगातल्या माळावरच्या झोपडीचीच ती नवी आवृत्ती होती. फरक इतकाच, की या वेळी गाव बाहेर न जाता गावाने आपल्या माणसासाठी वेशीत जागा केली. आत आणि बाहेर यांच्या मधली ती जागा झॉम्बींच्या मालिकांत सहसा सापडत नाही. तिथे फाटक उघडे असते किंवा बंद. समाज टिकतो तो मात्र या मधल्या जागेवर, जिथे संशयिताला अन्न मिळते, नावाने हाक मिळते आणि परत आत येण्याचा दिवस ठरलेला असतो.

मृत्यूने या वाटेची परीक्षा पाहिली. साथीच्या पहिल्या आणि मग दुसऱ्या लाटेत चिता थांबेनात. तिरडी विसाव्याला टेकली नाही, खांदा बदलला गेला नाही. प्लास्टिकमध्ये बांधलेला देह गाडीतून थेट स्मशानात गेला. नातेवाईक लांबून पाहत राहिले, काही तेवढेही आले नाहीत. अग्नी दिला तो नगरपालिकेच्या कामगारांनी आणि काही स्वयंसेवकांनी. त्यांतले कितीतरी जण त्याच समाजांतले होते ज्यांना गावाने शतकानुशतके वेशीबाहेर ठेवले. गावाचा शेवटचा खांदा पुन्हा वेसकराचाच ठरला.

आज गावोगावच्या वेशी पडल्या आहेत आणि तिथे सिमेंटच्या कमानी उभ्या आहेत. त्यांवर थोरांची नावे आणि स्वागताचे शब्द आहेत, दारे नाहीत. 1960 साली जन्मलेला माणूस आता साठी ओलांडून गेला आहे. सकाळी तो कमानीजवळच्या मारुतीच्या ओट्यावर बसतो. 2020 च्या उन्हाळ्यात याच ओट्यासमोर बाभळीच्या फांद्या पडल्या होत्या. त्या फांद्यांना वळसा घालून गावातली आशाताई रोज शाळेत जाई. खांद्यावर पिशवी, पिशवीत ताप मोजायचे यंत्र आणि वही. वर्गाच्या दारात ती चार हातांवर उभी राही, आतल्या प्रत्येकाला नावाने हाक मारी, ओ आली की वहीत खूण करी आणि ऊन चढायच्या आत पलीकडच्या वस्तीकडे निघे.